सहवाचन आणि पाठनिर्णय : इ. स. १६११ च्या इंग्रजी बायबलाचे उरलेले कागद

धर्मग्रंथ एकट्यानें वाचावा कीं मंडळीनें मिळून वाचावा, हा प्रश्न बहुधा उपासनेच्या दृष्टीनें विचारला जातो. एकान्तांत मन एकाग्र होतें, मंडळींत श्रद्धेस आधार मिळतो, अशीं दोन्ही बाजूंचीं उत्तरें सर्वश्रुत आहेत. त्यांचा विचार येथें कर्तव्य नाहीं. प्रस्तुत लेखांतील प्रश्न संशोधकाचा आहे. एकच वाक्य पांच-दहा जाणत्यांनीं एकत्र बसून वाचलें असतां त्याच्या अर्थनिर्णयांत काय फरक पडतो, आणि तसा फरक पडला हें मागाहून कोणत्या साधनांवरून सिद्ध करावयाचें? छापील ग्रंथावरून हें कळण्यासारखें नसतें. छापलेल्या पानावर निर्णय तेवढा दिसतो. तो होण्यापूर्वीं कोणी काय सुचविलें, कोणी आक्षेप घेतला, कोणता पर्याय कोणत्या कारणानें मागें पडला, हें सर्व पुसलें गेलेलें असतें.

या प्रश्नाचा विचार करण्यास इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याच्या आज्ञेनें तयार होऊन इ. स. १६११ सालीं प्रसिद्ध झालेलें इंग्रजी बायबल हें उदाहरण फार सोयीचें आहे. कारणें दोन. एक तर हें काम आरंभापासून शेवटपर्यंत मंडळ्यांकडून, नियम बांधून करविलें गेलें. दुसरें, त्या कामाचे कांहीं कच्चे कागद सुदैवानें वांचले आहेत, व त्यांपैकीं अत्यंत महत्त्वाचे दोन तर गेल्या साठ-सत्तर वर्षांतच अभ्यासकांच्या पुढें आले आहेत. आपल्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं जुन्या पोथ्यांचे व कागदांचे रुमाल आहेत. या दूरदेशच्या कागदांची हकीकत त्यांस निरुपयोगी वाटणार नाहीं, अशी उमेद आहे.

१. पूर्वपीठिका

बायबल हा वस्तुतः एक ग्रंथसमूह आहे. त्यांतील जुना करार मुख्यतः हिब्रू भाषेंत असून थोडा भाग आरमाइक भाषेंत आहे. नवा करार ग्रीक भाषेंत आहे. पश्चिम युरोपांत हा सर्व समूह शेंकडों वर्षें लॅटिन भाषांतरांतून वाचला जात असे. सोळाव्या शतकांत मूळ भाषांकडे वळण्याची प्रवृत्ति बळावली, तेव्हां एक व्यावहारिक अडचण उभी राहिली. ज्यास ग्रीक उत्तम येई त्याचें हिब्रू बेताचें असे. ज्याचें हिब्रू पक्कें त्यास लोकभाषेंत सुबोध लिहितां येईलच असा नियम नव्हता. एका मस्तकांत न मावणारी विद्या एका खोलींत गोळा करावी, हा त्यावरचा उपाय होता.

स्वित्झर्लंडांतील झुरिक शहरीं हा उपाय प्रथम नियमितपणें अमलांत आला. ता. १९ जून १५२५ पासून तेथील मुख्य मंदिराच्या गाभाऱ्यालगतच्या भागांत शुक्रवार व रविवार वगळून रोज विद्वान् मंडळी जमूं लागली. जुन्या करारांतील उतारा आधीं लॅटिनमध्यें वाचावयाचा, मग तोच हिब्रूंत वाचून त्याचा अर्थ उलगडावयाचा, नंतर प्राचीन ग्रीक भाषांतर पुढें ठेवून ताडून पाहावयाचें, आणि शेवटीं नगरवासी लोकांस जर्मन भाषेंत निष्कर्ष सांगावयाचा, असा क्रम असे. सुधारक झ्विंग्ली हा त्याचा प्रवर्तक. या वाचनांतून जो अभ्यास सांचला, त्याचें फळ इ. स. १५३१ च्या झुरिक बायबलांत दिसून येतें.

या सभेस ‘भाष्यसभा’ म्हणण्यास हरकत नाहीं. तिचें अनुकरण इंग्लंडांतही झालें. राणी एलिझाबेथ हिच्या कारकीर्दींत ठिकठिकाणचे धर्मोपदेशक एकत्र जमत, ठरलेल्या एका उताऱ्यावर एकामागून एक बोलत, व वडील धर्मोपदेशक शेवटीं समारोप करीत. पुष्कळ ठिकाणीं सामान्य लोकही ऐकावयास बसत. राणीस हें आवडलें नाहीं. लोकांनीं ग्रंथाचा अर्थ एकमेकांस विचारावा, त्यावर वाद करावा, यांत तिला राज्याच्या शिस्तीस धोका दिसला. कँटरबरीचा मुख्य धर्माध्यक्ष एडमंड ग्रिंडल यास या सभा बंद करण्याची आज्ञा झाली, त्यानें इ. स. १५७६ च्या डिसेंबरांत राणीस सविस्तर पत्र लिहून ती पाळण्याचें नाकारलें. परिणाम असा झाला कीं, १५७७ सालीं राणीनें सभा स्वतःच्या हुकुमानें बंद केल्या व ग्रिंडलचे अधिकार काढून घेतले. १५८३ सालीं तो मरण पावला तोंपर्यंत त्यास पूर्ववत् अधिकार मिळाले नाहींत. सहवाचन ही निरुपद्रवी करमणूक आहे असें ज्यांस वाटत असेल, त्यांनीं हें प्रकरण लक्षांत ठेवावें. एका उताऱ्याचा अर्थ चारचौघांत विचारण्याच्या हक्कापायीं एवढ्या मोठ्या अधिकाऱ्यास पद असून नसल्यासारखें झालें.

२. राजाज्ञा व नियम

यानंतर सत्तावीस वर्षांनीं त्याच देशांत राजानेंच विद्वानांस एकत्र बसून बायबल वाचण्याची आज्ञा केली. इ. स. १६०४ च्या जानेवारींत हॅम्प्टन कोर्ट येथें धर्मविषयक परिषद भरली. ऑक्सफर्ड येथील कॉर्पस ख्रिस्ती कॉलेजचा अध्यक्ष जॉन रेनल्ड्स यानें नवीन भाषांतराची सूचना मांडली, व ती जेम्स राजानें उचलून धरली. त्या वेळीं घरोघर वाचलें जाणारें जिनिव्हा येथील १५६० चें बायबल राजास त्यांतील समासटीपांमुळें खपत नव्हतें. मंदिरांत वाचलें जाणारें १५६८ चें ‘बिशप्स बायबल’ लोकांस फारसें रुचत नव्हतें.

एकंदर सहा मंडळें नेमिलीं : दोन वेस्टमिन्स्टर येथें, दोन ऑक्सफर्ड येथें, दोन केंब्रिज येथें. राजाच्या पत्रांत चौपन्न विद्वानांचा उल्लेख आहे; उपलब्ध याद्यांवरून सुमारें सत्तेचाळीस नांवें निश्चित होतात. उत्पत्तीपासून राजांच्या दुसऱ्या पुस्तकापर्यंतचा भाग लान्सलॉट अँड्र्यूज याच्या वेस्टमिन्स्टर मंडळाकडे, यशयापासून मलाखीपर्यंतचे संदेष्टे ऑक्सफर्डच्या एका मंडळाकडे, शुभवर्तमानें दुसऱ्या ऑक्सफर्ड मंडळाकडे, पत्रें दुसऱ्या वेस्टमिन्स्टर मंडळाकडे, अशी वांटणी होती. ‘अपोक्रिफा’ या नांवानें ओळखले जाणारे, ज्यांच्या प्रामाण्याविषयीं मतभेद आहे असे ग्रंथ, केंब्रिजच्या दुसऱ्या मंडळाकडे होते. या शेवटच्या मंडळाचा पुढें विशेष संबंध येईल.

लंडनचा बिशप व लवकरच कँटरबरीचा मुख्य धर्माध्यक्ष झालेला रिचर्ड बॅन्क्रॉफ्ट याच्यामार्फत नियम ठरवून दिले गेले. त्यांतील कार्यपद्धतीचा सारांश असा. बिशप्स बायबल पायाभूत धरावें व मूळास धरून आवश्यक तेवढाच बदल करावा. मंडळांतील प्रत्येकानें तोच अध्याय घरीं स्वतंत्रपणें तयार करावा. मग सर्वांनीं जमून आपापलें काम ताडून पाहावें व काय ठेवावें तें ठरवावें. एक पुस्तक पुरें झालें म्हणजे तें इतर मंडळांकडे धाडावें. त्यांस शंका आल्यास त्यांनीं स्थळ व कारण लिहून कळवावें. तरीही एकमत न झालें तर तो वाद अखेरच्या सर्वसाधारण सभेंत मिटवावा. फारच दुर्बोध स्थळ आलें तर देशांतील कोणाही जाणत्यास पत्रानें विचारावें. हिब्रू व ग्रीक शब्दांच्या खुलाशाखेरीज समासांत टीपा घालूं नयेत.

या व्यवस्थेंत एक मर्म आहे. आधीं एकट्यानें वाचावयाचें, मग मिळून वाचावयाचें, मग परक्या मंडळानें वाचावयाचें. एकांतांतील तयारी नसेल तर सभा म्हणजे नुसती गप्पागोष्टी. आणि सभा नसेल तर एकाची समजूत हाच निर्णय. शिवाय ‘आम्हांस पटत नाहीं’ एवढें म्हणून चालत नसे. स्थळ व कारण दोन्ही लिहून द्यावीं लागत. शास्त्रार्थाच्या सभेंत ज्याप्रमाणें पूर्वपक्ष नीट मांडल्याशिवाय उत्तरपक्षास तोंड उघडतां येत नाहीं, त्याच जातीचा हा दंडक आहे.

३. श्रवणाची रीत

प्रत्यक्ष बैठक कशी चाले, याचें थोडक्यांत वर्णन जॉन सेल्डन या विख्यात विद्वानाच्या संभाषणसंग्रहांत आढळतें. सेल्डन १६५४ सालीं वारला; संग्रह १६८९ सालीं छापला गेला. तो म्हणतो कीं, ज्या भाषेंत जो निष्णात, त्याला तो भाग दिलेला असे. मग सर्व जमत. एक जण भाषांतर मोठ्यानें वाची, व बाकीचे आपापल्या हातांत कोणी मूळ भाषेंतील, कोणी फ्रेंच, कोणी स्पॅनिश, कोणी इटालियन बायबल धरून बसत. दोष आढळला तर बोलत. न आढळला तर वाचणारा पुढें जाई.

सेल्डन स्वतः या मंडळांत नव्हता. तेव्हां हें वर्णन ऐकीव समजून घ्यावें. पण रीत विचार करण्याजोगी आहे. वाचणाऱ्याच्या हातीं एक ग्रंथ व ऐकणाऱ्यांच्या हातीं निरनिराळे ग्रंथ असल्यामुळें प्रत्येकाचें लक्ष वेगळ्या ठिकाणीं अडतें. सर्वांच्या हातीं तीच प्रत असती तर दहा डोळ्यांनींही एकच चूक दहा वेळां सोडून दिली असती. पोथी ताडण्याचें काम ज्यांनीं केलें आहे त्यांस याचा अनुभव असेलच : स्वतः लिहिलेली नक्कल स्वतःच तपासली असतां डोळा लिहिलेलें न पाहतां मनांतलें पाहतो, तीच दुसऱ्यानें मोठ्यानें वाचली व आपण मूळ धरून ऐकलें, कीं गळलेली ओळ तत्काळ कानास खटकते. आणखी एक गोष्ट. जें भाषांतर मंदिरांत मोठ्यानें वाचलें जावयाचें, तें तयार होतांनाही मोठ्यानें वाचलें गेलें. त्यामुळें अर्थाबरोबर वाक्याचा तोलही कसोटीस लागला.

४. उरलेले कागद

आतां या कामाचीं प्रत्यक्ष साधनें पाहूं. छापखान्यास दिलेली अखेरची प्रत आज उपलब्ध नाहीं. जे उरलें आहे तें सर्व मधल्या पायऱ्यांवरचें आहे, आणि म्हणूनच अधिक बोलकें आहे.

पहिलें साधन ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयांतील बिशप्स बायबलाची १६०२ सालची छापील प्रत. मंडळांच्या उपयोगाकरितां राजाचा मुद्रक रॉबर्ट बार्कर यानें या बायबलाच्या चाळीस न बांधलेल्या प्रती पुरविल्या होत्या. बॉडलियनमधील प्रतींत जुन्या करारांतील बऱ्याच भागावर व शुभवर्तमानांवर शाईनें दुरुस्त्या केलेल्या आहेत : छापील शब्द खोडून नवे शब्द ओळींच्या मध्यें व समासांत लिहिलेले आहेत, आणि अक्षराचीं वळणें एकाहून अधिक आहेत. दुरुस्त्यांपैकीं पुष्कळ १६११ च्या पाठाशीं जुळतात, कांहीं जुळत नाहींत. म्हणजे या प्रतीनंतरही वाचन चालू होतें. ग्रंथालयानें ही प्रत १६४६ सालीं १३ शिलिंग ४ पेन्स देऊन विकत घेतली. वापरून, खोडून खराब झालेलें जुनें पुस्तक म्हणून ती टाकून दिली गेली नाहीं, हें त्या काळच्या ग्रंथपालाच्या जाणतेपणाचें लक्षण होय.

दुसरें साधन लंडन येथील लँबेथ पॅलेस ग्रंथालयांतील ९८ क्रमांकाचें हस्तलिखित. यांत पत्रांचा मसुदा आहे. प्रत्येक पान दोन रकान्यांत विभागलेलें असून डाव्या रकान्यांत सुचविलेला पाठ लिहिला आहे. उजवा रकाना कोरा आहे. तो इतर मंडळांच्या सूचनांसाठीं राखला असावा असें अभ्यासकांचें मत आहे, आणि नियमांशीं तें सुसंगत आहे. कोरा रकाना हाही एक पुरावाच समजला पाहिजे. ज्यानें पान आंखलें त्यानें दुसऱ्याच्या आक्षेपाला आगाऊ जागा करून ठेविली होती.

तिसरें साधन जॉन बॉइज याचीं टिपणें. बॉइज हा केंब्रिजजवळील बॉक्सवर्थ गांवचा धर्मोपदेशक. लहानपणीं, वयाच्या पांचव्या-सहाव्या वर्षींच, बापानें त्यास हिब्रू शिकविलें होतें. अँथनी वॉकर यानें लिहिलेल्या त्याच्या चरित्रावरून कळतें कीं, काम चालू असतां तो आठवडाभर केंब्रिजला राही व शनिवारीं रात्रीं गांवीं परते. मंडळांचीं कामें पुरीं झाल्यावर लंडन येथें स्टेशनर्स हॉलमध्यें अखेरची तपासणी झाली; ती सुमारें नऊ महिने चालली व प्रत्येकास आठवड्यास तीस शिलिंग मिळत. या सभेंत सहा जण होते असें वॉकर सांगतो. तर १६१८ सालीं हॉलंडांतील डॉर्ट येथील धर्मपरिषदेंत इंग्रज प्रतिनिधींनीं दिलेल्या वृत्तांतांत बारा असा आंकडा आहे. सभेंत टिपणें ठेवणारा बॉइज एकटाच होता, असेंही वॉकर म्हणतो.

हीं टिपणें हरवलीं असेंच पुष्कळ काळ समजलें जात होतें. परंतु सतराव्या शतकांतील विल्यम फुलमन या पुराणवस्तुप्रेमी संग्राहकानें त्यांची नक्कल करून ठेविली होती, व ती ऑक्सफर्डच्या कॉर्पस ख्रिस्ती कॉलेजांतील त्याच्या कागदांत पडून राहिली होती. अमेरिकन अभ्यासक वॉर्ड ॲलन यांनीं ती ओळखून १६६९ नव्हे, तर नक्कल झाल्यानंतर सुमारें तीनशें वर्षांनीं, १९६९ सालीं प्रसिद्ध केली. पुढें डेव्हिड नॉर्टन यांनीं ब्रिटिश लायब्ररींत आणखी एक नक्कल शोधून काढली. टिपणें रोमकरांस पत्र येथपासून प्रकटीकरणापर्यंतच्या भागावर असून लॅटिन, ग्रीक व इंग्रजी यांची सरमिसळ त्यांत आहे.

त्यांतील दोन स्थळें नमुन्यादाखल देतों. करिंथकरांस पहिलें पत्र, अध्याय १३, वचन ११ यांत पौल आपल्या बाळपणाविषयीं बोलतो. तेथें ‘फ्रोनेइन्’ हें ग्रीक क्रियापद आहे. विचार करणें, जाणणें, मनांत धरणें, कल आणि आस्था असणें, अशा कितीतरी छटा त्यांत आहेत. बॉइजच्या टिपणांत याच एका क्रियापदासाठीं पांच इंग्रजी पर्याय ओळीनें मांडले आहेत : समजणें, आस्था बाळगणें, बालबुद्धि असणें, कल्पना करणें, मनास लागणें. छापील ग्रंथांत ‘समजणें’ हा एकच शब्द आला. त्याच्या मागें चार शब्द उभे होते, हें टिपण नसतें तर कळलें नसतें.

दुसरें स्थळ इब्री लोकांस पत्र, अध्याय १३, वचन ८. ख्रिस्त काल, आज व सर्वकाळ तोच आहे, असा त्याचा आशय. केंब्रिजचा ग्रीक भाषेचा राजनियुक्त अध्यापक अँड्र्यू डाउन्स याच्या नांवाचीं आद्याक्षरें घालून बॉइज लिहितो कीं, ‘तोच’ हा शब्द मागेंपुढें करून रचना फिरविली तर वचन अधिक भारदस्त होईल, असें डाउन्सचें म्हणणें पडलें. छापील ग्रंथांत डाउन्सची रचना नाहीं. वृद्ध व नामांकित अध्यापकाची सूचना सभेनें ऐकली, नोंदली, आणि सोडून दिली. अर्थाविषयीं येथें कसलाच वाद नव्हता. वाद होता शब्दक्रमाचा. अठरापगड लोकांच्या कानावर पडणाऱ्या एका वाक्याच्या चालीसाठीं एवढी काळजी घेतली जात होती.

चौथें साधन सर्वांत अलीकडे हातीं आलें. केंब्रिजच्या अपोक्रिफा मंडळांत सॅम्युएल वॉर्ड हा सभासद होता. पुढें तो सिडनी ससेक्स कॉलेजचा प्रमुख झाला व डॉर्टच्या परिषदेसही गेला होता. त्याचे कागद त्याच कॉलेजांत आहेत. त्यांत टाकाऊ चर्मपत्राच्या तुकड्यांत गुंडाळलेली एक लहानशी वही होती. सूचींत तिची नोंद बायबलवरील टीपा अशीच मोघम होती. अमेरिकन प्राध्यापक जेफ्री मिलर यांनीं ती बारकाईनें वाचली, तेव्हां तींतील सुमारें सत्तर पानें म्हणजे १६११ च्या भाषांतराचा अगदीं आरंभींचा मसुदा आहे, असें त्यांच्या ध्यानीं आलें. हा शोध त्यांनीं २०१५ सालीं जाहीर केला. वहींत ‘पहिलें एस्द्रास’ या पुस्तकावरचें काम आहे, व ‘शलमोनाचें ज्ञान’ या पुस्तकांतील थोड्या भागावरचें आहे. वॉर्ड एक पर्याय लिहितो, खोडतो, दुसरा लिहितो, पुन्हां पहिल्याकडे वळतो. ग्रीक शब्दाशीं एकट्यानें चाललेली झटापट पानावर तशीच राहिली आहे.

५. नियम आणि व्यवहार

या वहीनें एक प्रचलित समजूत डळमळीत केली. नियम असा होता कीं, प्रत्येकानें प्रत्येक अध्याय स्वतंत्रपणें करावा. परंतु वॉर्डची वही पाहतां, निदान या मंडळांत, आरंभीं एकेक पुस्तक एकेकाकडे सोंपविलें गेलें असावें असें मिलर यांचें अनुमान आहे. सेल्डनचें वर्णनही याच बाजूला झुकतें. अपोक्रिफा डाउन्सकडे दिला होता, असें तो उदाहरणच देतो. यावरून संशोधकानें घेण्याजोगा बोध उघड आहे. नियमपत्र हें ‘काय व्हावें’ याचें साधन आहे. ‘काय झालें’ याचें साधन कच्चा कागद होय. सनदेंत लिहिलेला वसूल व कीर्दींत जमा झालेला वसूल या दोहोंमधील अंतर आपल्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको.

सहवाचनाचा गौरव करतांना त्याच्या मर्यादाही मांडल्या पाहिजेत. पहिली : मंडळानें शून्यापासून कांहीं निर्माण केलें नाहीं. नव्या कराराचा इंग्रजी पाया विल्यम टिंडेल यानें परदेशीं राहून, बव्हंशीं एकट्यानें घातला होता. तें भाषांतर १५२६ सालीं वर्म्स येथें छापलें गेलें व १५३६ सालीं टिंडेल यास देहान्त शिक्षा झाली. १९९८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका तौलनिक गणनेप्रमाणें १६११ च्या नव्या करारांतील पांच भागांपैकीं चार भागांहून अधिक शब्द टिंडेलचेच आहेत. निर्मिति एकट्याची व पारख अनेकांची, असा हा संबंध आहे.

दुसरी : सभा सर्वस्वी मोकळी नव्हती. जुने रूढ धार्मिक शब्द बदलूं नयेत, असें नियमांतच होतें. म्हणजे कांहीं प्रश्न चर्चेस येण्यापूर्वींच बंद केलेले होते. दहा विद्वान् बसविले तरी विषयपत्रिका एकाच्या हातीं असेल, तर त्या दहांच्या एकमताची किंमत तेवढ्यापुरती कमी धरावी.

तिसरी : कोणास बोलाविलें नाहीं हेंही पाहावें लागतें. ह्यू ब्रॉटन हा त्या काळचा इंग्लंडांतील एक श्रेष्ठ हिब्रू पंडित. नवें भाषांतर व्हावें म्हणून तो कित्येक वर्षें मागणी करीत होता. पण स्वभाव अत्यंत तापट. त्यास कोणत्याही मंडळांत घेतलें गेलें नाहीं. ग्रंथ निघाल्यावर त्यानें त्यावर कडक टीका केली. मंडळाची शांति राखण्यासाठीं जो सर्वांत अधिक भांडला असता त्यालाच बाहेर ठेविलें, तर सहवाचनाचा अर्धा उपयोग दाराबाहेर राहिला, असें म्हणणें भाग आहे.

ग्रंथाच्या आरंभीं मायल्स स्मिथ यानें लिहिलेल्या प्रस्तावनेंत संख्येविषयीं एक मार्मिक विचार आहे. एकाचा दुसऱ्यास अडथळा होईल इतके लोक नकोत, आणि पुष्कळ गोष्टी नजरेंतून निसटतील इतके थोडेही नकोत, असा त्याचा आशय. जेथें मूळाचा अर्थ निश्चित होत नाहीं तेथें समासांत दुसरा पर्याय देणें हें कमकुवतपणाचें चिन्ह नसून प्रामाणिकपणाचें आहे, असेंही त्यानें तेथें समर्थन केलें आहे.

६. आपल्या कामाशीं संबंध

आतां सहवाचनाचें खरें मोल कशांत आहे तें सांगतां येतें. अनेकांचें एकमत झालें म्हणून निर्णय बरोबर ठरतो, असें मुळींच नाहीं. अनेक लोक मिळूनही चुकतात. मोल यांत आहे कीं, प्रत्येकास आपला अर्थ दुसऱ्यासमोर मोठ्यानें मांडावा लागतो, त्याचें कारण द्यावें लागतें, आणि वेगळी प्रत हातीं धरलेला ऐकणारा ती ओळ अडवूं शकतो. असा अडविणारा नसेल तर शंभर जणांचें वाचनही एकाचेंच वाचन होय. असा एकच असेल, तर दोघांची बैठकही पुरेशी आहे.

पुणें येथें भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ सालीं महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचें काम हातीं घेतलें व तें १९६६ सालीं पुरें केलें. १९२५ पासून त्याची धुरा विष्णु सीताराम सुखठणकर यांच्याकडे होती व त्यांच्या संपादनाखालीं आदिपर्व १९३३ सालीं पूर्ण झालें. पुण्याबरोबर शांतिनिकेतन व तंजावर येथेंही हस्तलिखितें ताडण्याचें काम झालें. तेथेंही अनेक डोळे व अनेक प्रती हेंच तत्त्व होतें. परंतु एक फरक मोठा आहे. लंडनच्या सभेनें नाकारलेले बहुतेक पर्याय नष्ट झाले. पुण्याच्या संपादकांनीं नाकारलेले पाठ त्याच पानावर खालीं छापून ठेविले. त्यामुळें संपादकाचा निर्णय ज्यास मान्य नसेल, त्यास आजही तो वाद पुन्हां उघडतां येतो.

याच्या उलट उदाहरण आपल्याच भाषेंतील आहे. विल्यम कॅरी यानें श्रीरामपूर येथें मराठी नवा करार १८११ सालीं छापला; त्याच्या मराठी कामांत वैजनाथ पंडिताचें साहाय्य होतें हें प्रसिद्ध आहे. कॅरी व वैजनाथ एका ओळीपुढें बसले असतील तेव्हां पंडितानें कोणता शब्द नाकारला, कोणता सुचविला, साहेबानें कोणता मानला, हें छापील पुस्तकावरून दिसत नाहीं. ता. ११ मार्च १८१२ रोजीं श्रीरामपूरच्या छापखान्यास आग लागून टाइप, कागद व पुष्कळ हस्तलिखितें जळालीं. मराठी गद्याच्या आरंभकाळीं एक मराठी पंडित काय म्हणत होता, हें जाणण्याची आपली उत्सुकता जेवढी मोठी, तेवढी ही हानि मोठी.

म्हणून संग्राहकांस एक विनंति. जुना रुमाल सोडला म्हणजे आपला हात आधीं सुंदर अक्षराच्या, पूर्ण, सुशोभित पोथीकडे जातो, आणि खाडाखोडीचे सुटे बंद ‘त्रुटित’ म्हणून बाजूला पडतात. पाठशाळेंत किंवा मठांत चारचौघांनीं पोथी लावतांना समासांत लिहिलेल्या खुणा, हरताळ फांसून बदललेलें अक्षर, काकपद देऊन वर चढविलेला शब्द, दोन वळणांत लिहिलेली एकाच ओळीची दुरुस्ती, ज्यावर एका बाजूस नुसते पर्यायी शब्दच मांडले आहेत असा चिठोरा, हीं सर्व सहवाचनाचीं साधनें आहेत. अशा बंदावर कोणत्या पोथीबरोबर, कोणत्या रुमालांत, कोणत्या जागीं सांपडला, एवढें लिहून तो त्याच पोथीपाशीं ठेवावा. सूचींत ‘किरकोळ टीपा’ असें न लिहितां कोणत्या ग्रंथाच्या कोणत्या अध्यायावरील टीपा आहेत, तें लिहावें. वॉर्डची वही कॉलेजांतून कधींच हरवली नव्हती; तिची नोंद मोघम होती, म्हणून ती चारशें वर्षें कोणास दिसली नाहीं.